असई आणि स्ट्रॅटफील्ड से

इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातील स्ट्रॅटफील्ड से हा वाडा वेलिंग्टनच्या ड्यूक घराण्याचे निवासस्थान होय. त्यातील ‘से’ व जालना जिल्ह्यातील ‘असई’ यांच्या ध्वनिसाम्यावरून वाड्याचे नाव असईच्या लढाईवरून पडले असावे, असे अनुमान सुचते. परंतु ते ग्राह्य नाही. ‘से’ हे तेथील मध्ययुगीन जमीनदार घराण्याचे नाव असून लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची आहे. खरा संबंध शब्दाचा नसून व्यक्तीचा आहे. असई येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्लीच पुढे ड्यूक झाला. वॉटर्लूच्या विजयानंतर राष्ट्राने दिलेल्या द्रव्यातून १८१७ मध्ये हा वाडा त्याच्यासाठी घेण्यात आला. पण त्याच्या सेनापतित्वाची कीर्ती असईपासूनची. नामसाम्य येथे फसवे ठरते, इतिहास मात्र दोन्ही गावांना जोडतो.