स्नायूचा ग्रीक भाऊबंद

मराठी माणसाच्या लेखी न्यूरॉन मेंदूतला आणि स्नायू दंडातला. व्युत्पत्ती तपासली तर दोघे चुलतभाऊ निघतात.

ग्रीक ‘नेउरॉन’ म्हणजे कंडरा, दोर. संस्कृत ‘स्नायु’चा जुना अर्थही तोच, सुश्रुतसंहितेत मोजलेले ९०० स्नायू हे असले बांधणारे दोरच. पुढे वाटा फुटल्या. बंगालीत स्नायू झाला मज्जातंतू, मराठीत मात्र मांस. (घोटाळा कोणी केला, कोण जाणे!)

या भावांची गाठ कुठे पडते, ते खानदेशात मण्यार दाखवते. पावसाळ्यात चोपडा-यावलकडे जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्याला ती रात्री चावते. दुखतही नाही फारसं. पहाटे पापण्या उचलेनात, की घरच्यांना शंका येते.

एरवी न्यूरॉनच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनं कमी विद्युतदाब असतो. सोडियमचे आयन आत घुसले, की मिलिसेकंदभरात ही स्थिती उलटते. ती उलथापालथ तंतूवरून पुढे सरकते, जाड तंतूत सेकंदाला १०० मीटरपर्यंत. टोकाशी मात्र वीज थबकते. स्नायूपर्यंतची फट ॲसिटिलकोलीन हे रसायन ओलांडतं. मण्यारीचं विष नेमकं इथेच घाला घालतं. वीज टोकापर्यंत येते, निरोप पोचत नाही. रोगी शुद्धीवर असून डोळे उघडू शकत नाही. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. प्रतिविष लवकर द्यावंच लागतं, पण तंतूंची मोडलेली टोकं सावरायला कित्येक दिवस जातात.