रिचर्ड मोअरची वंशावळ

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या प्रवाशांत मोअर आडनावाची चार भावंडे होती : एलन, जॅस्पर, रिचर्ड आणि मेरी. थोरली एलन आठ वर्षांची, धाकटी मेरी चार. सोबत आईबाप नाहीत. पहिल्या हिवाळ्यातच तिघे दगावली. उरला तो सहा वर्षांचा रिचर्ड. पुढे तो दर्यावर्दी झाला, कप्तान म्हणवला गेला आणि वृद्धापकाळी सेलम गावी वारला. ही मुले लंडनच्या रस्त्यांवरची अनाथ असावीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी श्रॉपशर परगण्यातील शिप्टनच्या चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींत चौघांची नावे सापडली. पण खरा उलगडा झाला तो १९५९ साली, लिन्ले हॉल या मोअरांच्या वाड्यात एक जुना कागद मिळाला तेव्हा. सॅम्युअल मोअर या गृहस्थाने १६२२ साली न्यायालयापुढे मांडलेली ती कैफियत होती. पत्नी कॅथरिनने आपल्या मुलांच्या हकालपट्टीविरुद्ध दाद मागितली होती. तिला दिलेले हे उत्तर.

सॅम्युअल आणि कॅथरिन एकाच मोअर कुळातले, नात्यातले. १६११ सालच्या या विवाहामागे लार्डनची जमीन कुळातच राहावी, हा हिशेब असावा. सॅम्युअल म्हणतो, मुले माझी नव्हेत, जेकब ब्लेकवेची आहेत; पुरावा म्हणून तो त्यांच्या चेहरेपट्टीकडे बोट दाखवतो. कॅथरिनच्या मते ब्लेकवेशी तिचे आधीच वचन झाले होते, मात्र ते तिला सिद्ध करता आले नाही. मुलांना एका कुळाच्या घरी ठेवले, तेव्हा ती तेथे वारंवार जाऊन आक्रोश करी. हे सारे आपल्याला कळते ते प्रतिवादीच्याच लेखणीतून! तिच्या बाजूचा मूळ कागद हाती नसताना या कैफियतीला निवाडा मानणे मला धाडसाचे वाटते. वंशावळीचे अभ्यासक मात्र बहुधा तसे मानूनच पुढे जातात.

मुलांना कुळातून छाटण्यासाठी जे लिहिले गेले, त्यानेच रिचर्डच्या अमेरिकन वंशजांना त्यांचे कूळ परत मिळवून दिले, हा यातला विलक्षण भाग. पित्याची बाजू संशयित ठरली. परंतु आईबद्दल कोणालाच शंका नव्हती, आणि कॅथरिनच्या बाजूने ही वंशरेषा स्कॉटलंडच्या मध्ययुगीन राजघराण्यापर्यंत नेता आली. आडनावाचाही प्रश्न उरला नाही. सॅम्युअल बाप असो वा नसो, ‘मोअर’ हे कॅथरिनचे माहेरचेच नाव होते.

शिप्टनच्या वहीत १३ नोव्हेंबर १६१४ या तारखेला रिचर्डची नोंद आहे. तेथे पिता म्हणून सॅम्युअलचे नाव आजही आहे.