नृत्यातील विद्यापीठीय पदवी आणि मालवणचा किनारा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नृत्य हा विद्यापीठात शिकण्याचा विषय होऊ शकतो, ही कल्पना महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. तत्पूर्वी नृत्य गुरुगृही, दरबारात, मंदिरात आणि जत्रेत शिकले जात होते. कोकणातील मालवणच्या किनाऱ्याचा या स्थित्यंतराशी दुहेरी संबंध आहे. पदवीच्या अभ्यासक्रमाला मराठी साहित्याचा आधार मिळवून देणारे एक आचार्य या भूमीतील होते. मात्र याच भूमीतील दशावतार ही नृत्यनाट्यपरंपरा पदवीच्या चौकटीबाहेर राहिली. या विसंगतीची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नृत्याला सामाजिक प्रतिष्ठा नव्हती. कोकण व गोमंतकातील मंदिरांत भाविणी आणि देवळी यांच्याकडे परंपरेने सेवेचे काम होते. ही सेवा शोषणाशी जोडली गेल्याने सुधारकांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला आणि १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. कायद्याने स्त्रियांना मुक्तीचा मार्ग दिला. परंतु मंदिराशी निगडित नृत्य-गायनाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी त्यामुळे निवळली नाही. मध्यमवर्गीय घरातील मुलीने नृत्य शिकावे यासाठी त्या कलेला नव्या मान्यतेची गरज होती. परीक्षा, प्रमाणपत्र आणि पुढे पदवी यांनी ही मान्यता पुरविली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाने संगीतात जो मार्ग घालून दिला, त्याच मार्गाने कालांतराने नृत्यही गेले.

विद्यापीठीय शिक्षणाचा आरंभ

विद्यापीठीय नृत्यशिक्षणाच्या इतिहासात बडोद्याचे स्थान महत्त्वाचे आहे. १८८० मध्ये सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजेच पहिल्या चिमणाबाई, यांच्याशी झाला. या संबंधातून तंजावरच्या नर्तकी व वादक बडोद्याच्या दरबारात आले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठाने नृत्याला लवकरच अभ्यासक्रमात स्थान दिले आणि तंजावर परंपरेतील कुबेरनाथ तंजोरकर यांच्यासारखे गुरू तेथे अध्यापक झाले.

मुंबईत कनक रेळे यांनी १९६६ मध्ये नालंदा नृत्य संशोधन केंद्र स्थापन केले. पुढे त्यातूनच मुंबई विद्यापीठाशी संलग्न असे नृत्यकला महाविद्यालय उभे राहिले. १९७७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची नृत्यविषयक डॉक्टरेट मिळविली. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झाले. तेथे गुरुकुल पद्धती स्वीकारण्यात आली. विद्यार्थी पदवीसाठी विद्यापीठात नाव नोंदवी, प्रत्यक्ष नृत्य मात्र गुरूकडे शिके. कथकसाठी रोहिणी भाटे आणि भरतनाट्यमसाठी सुचेता भिडे-चापेकर यांसारख्या गुरू या व्यवस्थेला लाभल्या. गुरुगृह आणि विद्यापीठ यांमधील अंतर कमी करण्याचा हा एक विचारपूर्वक प्रयत्न होता.

आचार्य पार्वतीकुमार यांचे कार्य

सुचेता भिडे-चापेकर यांचे गुरू आचार्य पार्वतीकुमार (१९२१–२०१२) हे मूळचे मालवणचे. कांबळी कुटुंबात जन्मलेले पार्वतीकुमार मुंबईत वाढले आणि चंद्रशेखर पिळ्ळै यांच्याकडे त्यांनी भरतनाट्यमचे शिक्षण घेतले. त्यांचे सर्वांत मोलाचे काम तंजावरशी संबंधित आहे. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या नावावरील ‘कोर्व्याचे साहित्याचे जिन्नस’ हा मराठी नृत्यरचनांचा संग्रह तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाला होता. त्यातील प्रत्येक निरूपणात एक कथासूत्र असून ‘जयजय’पासून ‘मंगल’पर्यंतच्या नृत्यप्रकारांची क्रमवार गुंफण आहे. कागदावर उरलेल्या या रचना पार्वतीकुमार यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या. १९६८ मध्ये त्यांनी मुंबईत तंजावर नृत्यशाळा स्थापन केली.

या कार्याचा परिणाम दूरगामी ठरला. भरतनाट्यम ही केवळ तमिळ व तेलुगू साहित्याची कला नसून मराठी पदांनाही तिच्यात दीडशे वर्षांपूर्वीपासून स्थान होते, हे प्रयोगाने सिद्ध झाले. मराठी विद्यार्थिनीला आपल्या भाषेत अभिनय करण्यासाठी परंपरेचा आधार मिळाला. हे काम करणाऱ्या आचार्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र गुरूच्या हाताखाली झाले होते.

दशावतार : चौकटीबाहेरची परंपरा

मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागात तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि रात्रभर दशावतार रंगतो. पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात. वेद चोरणारा संकासुर मालवणीतून प्रेक्षकांना हसवितो व अखेरीस विष्णूच्या हातून मरतो. उत्तररंगात पौराणिक आख्यान लागते. पेटी, पखवाज आणि झांज यांच्या साथीने पात्राचा प्रवेश, चाल, पदन्यास व युद्धनृत्य ठरते. स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच करतात. लिखित संहिता नसते. आख्यान ठरले की संवाद नट रंगमंचावरच रचतात.

येथेच पदवीच्या चौकटीची मर्यादा स्पष्ट होते. विद्यापीठीय नृत्यशिक्षण ग्रंथाच्या आधारावर उभे राहिले. नाट्यशास्त्र, अभिनयदर्पण, हस्तमुद्रांची नावे, तालाचे लेखन यांवर प्रश्नपत्रिका काढता येते. तंजावरच्या निरूपणांना अभ्यासक्रमात वाट मिळणे सुकर झाले, कारण ती लिहिलेली होती. दशावतारी नटाचे ज्ञान त्याच्या पायात, आवाजात आणि सहकलाकाराचे वाक्य उचलण्याच्या तयारीत असते. ते कमी पद्धतशीर नाही. ते लिहिलेले नाही, इतकेच. परिणामी दशावतार हा संशोधनाचा विषय झाला, त्यावर प्रबंध सिद्ध झाले. परंतु तो सादर करणारा कलावंत बहुधा माहिती देणारा म्हणूनच विद्यापीठाला परिचित राहिला.

मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने लोककलेत पदव्युत्तर शिक्षण सुरू करून ही दरी काही प्रमाणात सांधली. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने औपचारिक पदवी नसलेल्या अनुभवी तज्ज्ञांनाही अध्यापनासाठी नेमण्याची मुभा दिली. सिंधुदुर्गातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने या दोन्ही घटनांना जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे.

समारोप

नृत्यातील पदवीने कलेला प्रतिष्ठा दिली, मुलींना शिक्षणाचा व उपजीविकेचा मार्ग दिला आणि विस्मृतीत गेलेल्या मराठी रचनांना विद्यार्थी मिळवून दिले. हे यश मोठे आहे. तथापि ज्या कसोटीने ही प्रतिष्ठा लाभली, ती लिखिताची कसोटी होती आणि मौखिक परंपरा तिच्यात बसली नाही. दशावताराला पदवीत आणताना त्याची संहिता लिहून ठेवणे सोपे ठरेल, पण त्यामुळे उत्स्फूर्ततेचा प्राण जाण्याचा धोका आहे. म्हणून परीक्षेची पद्धतच बदलणे, जत्रेतील एका हंगामाची उमेदवारी अभ्यासक्रमाचा भाग मानणे आणि ज्येष्ठ नटाला परीक्षकाचे स्थान देणे अधिक श्रेयस्कर होय. ललित कला केंद्राने गुरूला विद्यापीठाच्या व्यवस्थेत मानाचे स्थान दिले होते. मालवणच्या किनाऱ्यावर तेच तत्त्व पुढे नेता येण्याजोगे आहे.