व्याजदर, विनिमय दर आणि भांडवलाचा ओघ

ठेवी, रोखे, समभाग, कर्जे किंवा उद्योगांतील थेट गुंतवणूक यांच्या रूपाने एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या पैशास भांडवलाचा आंतरराष्ट्रीय ओघ असे म्हणतात. त्यांपैकी अल्प मुदतीच्या भांडवलाची दिशा मुख्यत्वे दोन गोष्टींवर ठरते : देशादेशांतील व्याजदरांची तफावत आणि विनिमय दरात अपेक्षित असलेला बदल.

परस्परसंबंध

एखाद्या देशात व्याजदर वाढले की तेथील रोखे व ठेवी परकीय गुंतवणूकदारांस आकर्षक वाटतात. ते आपले चलन देऊन त्या देशाचे चलन घेतात. त्यामुळे त्याची मागणी व मूल्य वाढते. मात्र केवळ व्याजाचा आकडा पुरेसा नसतो. समजा, डॉलरचा दर ६० रुपये असताना एकाने १,००० डॉलरचे ६०,००० रुपये करून ते ८ टक्के व्याजाने गुंतवले. वर्षाअखेर त्याचे ६४,८०० रुपये होतील. परंतु तोवर डॉलर ६४.८० रुपयांवर गेला असेल, तर त्याच्या हाती पुन्हा १,००० डॉलरच येतील. रुपयाच्या घसरणीने सारे व्याज गिळलेले असेल. ही घसरण अपेक्षित असेल, तर चढे व्याज असूनही भांडवल येत नाही. आलेले परत जाते.

भारताचा अनुभव (२०१३)

२२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याचे संकेत दिले. अमेरिकेतील दीर्घ मुदतीचे व्याजदर वाढू लागले आणि उदयोन्मुख देशांतून पैसा बाहेर पडला. २०१२-१३ मध्ये भारताची चालू खात्यावरील तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्के होती. ही तूट परकीय भांडवलानेच भरून निघत असल्याने रुपयावर मोठा ताण आला. मे महिन्यात सुमारे ५५ रुपये असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्या पुढे गेला.

रिझर्व्ह बँकेने जुलैमध्ये सीमांत स्थायी सुविधेचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला. तरीही घसरण थांबली नाही. सप्टेंबरमध्ये गव्हर्नर रघुराम राजन यांनी अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातील नव्या ठेवींसाठी बँकांना सवलतीच्या दराने चलन अदलाबदलीची सोय दिली. विनिमय दरातील जोखीम अशा रीतीने रिझर्व्ह बँकेने स्वतःकडे घेतली. या सोयीतून व बँकांच्या परदेशी कर्जांतून नोव्हेंबरअखेर सुमारे ३,४०० कोटी डॉलर आले. दरम्यान, १८ सप्टेंबर रोजी फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदीतील कपात लांबणीवर टाकली, त्याचाही रुपयास आधार मिळाला.

धोरणात्मक मर्यादा

स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतंत्र व्याजदर धोरण ही तिन्ही एकाच वेळी साधता येत नाहीत. यास 'अशक्य त्रयी' म्हणतात. चलन सावरण्यासाठी व्याजदर चढे ठेवल्यास त्याचा भार देशातील कर्जदारांवर पडतो, तर ते उतरवल्यास भांडवल बाहेर जाण्याचा धोका राहतो.