नायट्रेटांचे सात्म्य : एका अनुमानाचा इतिहास

बीड जिल्हा १८८९ साली निजामाच्या हैदराबाद राज्यात मोडत असे. त्या वर्षी राज्याच्या राजधानीत थॉमस लॉडर ब्रंटन हे स्कॉटिश वैद्य येऊन राहिले होते. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो हृदय थांबून की श्वसन थांबून, या वादाचा निर्णय करण्यासाठी एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दुसरा क्लोरोफॉर्म आयोग बसला होता आणि निजाम महबूब अली खान यांनी त्यासाठी द्रव्यसाहाय्य दिले होते. केज वा धारूरच्या हृद्‌रोग्याजवळ आज जिभेखाली ठेवावयाची जी गोळी आढळते, तिच्या पूर्वेतिहासाशी याच ब्रंटन यांचा निकट संबंध आहे. म्हणून प्रस्तुत विवेचनाचा आरंभ हैदराबादपासून करणे सयुक्तिक ठरेल.

ब्रंटन यांनी १८६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये अमिल नायट्राइटने हृच्छूळ शमतो असे प्रसिद्ध केले. रक्तमोक्षणाने वेदना कमी होते, तेव्हा रक्तदाब उतरविणारे द्रव्यही उपयोगी पडावे, असे त्यांचे अनुमान होते. सोब्रेरो यांनी १८४७ साली सिद्ध केलेले नायट्रोग्लिसरिन विल्यम मरेल यांनी १८७९ साली याच व्याधीवर योजिले. गुण निश्चित आला. परंतु त्याची उपपत्ती पुढे बदलली. नीला शिथिल होऊन हृदयाकडे परतणारे रक्त घटते व हृदयाचा भार हलका होतो, हे नंतर ध्यानात आले.

द्रव्याचा एक दोष मात्र वैद्यांप्रमाणेच कामगारांच्याही अनुभवास आला. स्फोटकांच्या कारखान्यात नव्याने आलेल्यांचे डोके दुखे, काही दिवसांत ते थांबे आणि रविवारच्या सुटीनंतर सोमवारी पुन्हा सुरू होई. या घटनेस इंग्रजीत ‘टॉलरन्स’ म्हणतात. मराठीत ‘सहनशीलता’ म्हणण्यापेक्षा चरकसंहितेतील ‘ओकसात्म्य’, म्हणजे अभ्यासाने अंगवळणी पडणे, ही संज्ञा अधिक जवळची वाटते. तथापि संज्ञा घटनेचे वर्णन करते, कारण सांगत नाही, हा भेद भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

कारणाचा शोध बराच उशिरा लागला. म्युंझेल, हॅरिसन व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली सशांना तीन दिवस अखंड नायट्रोग्लिसरिन दिले, तेव्हा रक्तवाहिनीत सुपरऑक्साइड या मुक्त मूलकाचे प्रमाण सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. हे मूलक नायट्रिक ऑक्साइडचा नाश करते. २००२ साली स्टॅमलर यांच्या गटाने दाखविले की, पेशीतील तंतुकणिकांमधील आल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे विकर नायट्रोग्लिसरिनाचे रूपांतर घडविते. ऑक्सिडीकरणाने हे विकर निकामी झाले की औषधाचा गुण ओसरतो. म्हणजे शरीर द्रव्याशी जुळवून घेते असे म्हणण्यापेक्षा, द्रव्याच्या अखंड वापराने त्याच्या कार्याची साधनेच बिघडतात, असे म्हणणे योग्य होईल.

यावरून जीवनसत्त्व ‘क’ व ‘ई’ यांसारखी ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये उपकारक ठरावीत, असे अनुमान निघाले. अल्पसंख्य व्यक्तींवरील काही अल्पकालीन प्रयोगांनी त्यास दुजोराही दिला. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत ९,५४१ जणांपैकी सुमारे निम्म्यांना साडेचार वर्षे जीवनसत्त्व ‘ई’ देऊनही हृद्‌विकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. ही चाचणी सात्म्याची नव्हती, हे खरे. तरीही मूलकाचा नाश आणि रुग्णाचे हित ही दोन भिन्न विधाने आहेत, हे तिने स्पष्ट केले. व्यवहारात सात्म्य टाळण्याचा रूढ मार्ग साधा आहे : दिवसातून सुमारे दहा ते बारा तास औषधाविना जाऊ देणे. सोमवारच्या डोकेदुखीने हाच मार्ग पूर्वी सुचविला होता.

हैदराबादच्या आयोगाकडे पुन्हा वळल्यास तोच बोध होतो. चारशेहून अधिक प्राण्यांवरील प्रयोगांतून आयोगाने श्वसन थांबल्यानेच मृत्यू येतो असा निर्वाळा दिला. १९११ साली लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मच्या हलक्या अमलाखाली हृदयही अकस्मात थांबू शकते, असे मांजरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. ब्रंटन १८६७ साली फलाच्या बाबतीत बरोबर होते, उपपत्तीच्या बाबतीत अपुरे. १८८९ साली प्रयोग विपुल असूनही निष्कर्ष चुकला. अंबाजोगाई येथे १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्यांनी आणि अन्य शास्त्रांच्या अभ्यासकांनीही या इतिहासातून एवढे ध्यानात ठेवावे की, कारण पटले म्हणून उपाय सिद्ध होत नाही; तो रुग्णाच्या ठायीच सिद्ध व्हावा लागतो.