लेप्टोस्पायरोसिस

लेप्टोस्पायरा वंशातील मळसूत्राकार जीवाणूंमुळे होणारा, प्राण्यांकडून माणसाला जडणारा रोग. उंदीर, घुशी, गुरे, डुकरे, कुत्री यांच्या मूत्रपिंडांत हे जीवाणू राहतात आणि मूत्रावाटे पाण्यात व ओल्या मातीत उतरतात. तिथून ते खरचटलेल्या किंवा भिजून नरमलेल्या त्वचेतून अथवा डोळे, नाक, तोंड यांच्या अस्तरातून माणसाच्या रक्तात शिरतात. भाताच्या खाचरात अनवाणी लावणी करणारे, गोठ्यात राबणारे आणि गटारे उपसणारे यांना धोका सर्वाधिक. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची साथ पसरली होती.

संसर्गानंतर बहुधा एक ते दोन आठवड्यांत थंडी वाजून अचानक ताप चढतो, डोके ठणकते. पोटऱ्या आणि कंबर इतकी दुखते की पोटरीला हात लावू देववत नाही. डोळे लालबुंद होतात, पण त्यांत पू नसतो. पावसाळी तापांच्या गर्दीत या दोन खुणा मोलाच्या आहेत. आठवडाभरात ताप उतरतो आणि बरेच रुग्ण बरे होतात. काहींना मात्र दोन-चार दिवसांनी तो पुन्हा येतो. तोवर जीवाणू रक्तातून हटलेले असतात, प्रतिपिंडे तयार झालेली असतात. मेंदूच्या आवरणाचा किंवा डोळ्याच्या आतील भागाचा दाह याच टप्प्यात दिसतो.

कावीळ, मूत्रपिंडांचा बिघाड आणि रक्तस्राव असे तीव्र रूप जर्मन वैद्य आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये वर्णिले. मूळ इजा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला होते. रक्तद्रव झिरपतो, बिंबिका घटतात. यकृतातील पेशी फारशा मरत नाहीत, त्यांच्यातील सांधे सुटतात आणि पित्त रक्तात मिसळते. म्हणून बिलिरुबिन भरमसाट वाढते, पण यकृताची विकरे विषाणुजन्य काविळीइतकी चढत नाहीत. मूत्रपिंडाच्या नलिकांना सूज येते; सुरुवातीला लघवी कमी न होताही रक्तातील पोटॅशियम घसरते, ही या रोगाची खासियत. सर्वांत घातक फुप्फुसांतील रक्तस्राव. तो कावीळ नसतानाही होतो आणि काही तासांत श्वास कोंडतो.

पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडांची चाचणी पुष्कळदा नकारात्मक येते. त्यामुळे संशयावरूनच उपचार सुरू करणे योग्य : सौम्य रोगात डॉक्सिसायक्लिन, तीव्र रोगात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. निकामी झालेली मूत्रपिंडे वेळेवर डायलिसिस मिळाल्यास बहुतेकदा पूर्ववत होतात. साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून गेल्यावर महिनाभरात ताप आला, तर डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे आणि पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.