झिगफेल्ड : संधी देणारा मालक आणि हक्क मागणारे कलावंत

आपल्याकडे घरोघरी दोरीवर वाळत असते ती सँडो बनियन. हे नाव युजेन सँडो या पैलवानाचं. त्याला अमेरिकेत गाजवणारा माणूस मात्र आपल्याला फारसा माहीत नाही. तो फ्लोरेन्झ झिगफेल्ड. जन्म शिकागोचा, १८६७ सालचा.

वडील संगीत महाविद्यालय चालवायचे. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी शिकागोत करमणुकीचं थिएटर काढलं, पण गर्दी होईना. पोरानं सँडोला आणलं. खेळानंतर बड्या घरच्या बायकांना त्याचे दंड चाचपून बघायची सोयही केली. थिएटर चाललं!

पुढे १८९६ मध्ये त्यानं ॲना हेल्ड ही गायिका न्यूयॉर्कला आणली. बाई रोज दुधानं अंघोळ करतात आणि गवळ्याचं बिल थकलंय, अशी बातमी पेरली. पेपरवाल्यांनी ती छापली. खरं सांगतो, मीही छापली असती.

१९०७ मध्ये त्याच्या 'फॉलीज'ला सुरुवात झाली. या प्रकाराला रिव्ह्यू म्हणतात. सलग कथा नाही. गाणी, नाच, नकला आणि चालू घडामोडींची टिंगल. भपकेबाज कपड्यांतल्या मुलींचा ताफा ही त्याची ओळख. दरवर्षी नवा खेळ.

१९१० मध्ये त्यानं बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय विनोदी नटाला गोऱ्यांच्या संचात प्रमुख कलाकार म्हणून घेतलं. गोरे नट बिथरले. झिगफेल्ड हटला नाही. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पण हाच विल्यम्स रंगमंचावर यायचा तो तोंडाला काजळी फासून. काळ्या माणसानं आणखी काळं व्हायचं, कारण प्रेक्षकांना तसंच लागायचं. संधी मिळाली, पण तिकीट खपण्यापुरती.

खरी परीक्षा १९१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. 'ॲक्टर्स इक्विटी' या संघटनेनं संप पुकारला. आठवडेच्या आठवडे बिनपगारी तालमी, दौऱ्यावर खेळ बंद पडला की कलावंत परक्या गावात वाऱ्यावर, अशा तक्रारी होत्या. झिगफेल्ड मालकांच्या बाजूनं उभा राहिला, कोर्टातही गेला. त्याचाच लाडका नट एडी कँटर खेळ सोडून संपात उतरला आणि 'फॉलीज' बंद पडलं. महिनाभरानं मालक नमले.

माणूस नुसता वाईट होता असं नाही. १९२७ मध्ये 'शो बोट'सारखं वर्णभेदाला हात घालणारं संगीत नाटक त्यानंच उभं केलं. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्याचे पैसे बुडाले. १९३२ मध्ये गेला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. ते फेडण्यासाठी पत्नी, अभिनेत्री बिली बर्क, सिनेमात कामं करत राहिली.

मला हा इतिहास एवढ्यासाठी सांगावासा वाटला की, "मालक चांगला आहे, संधी देतो, मग संघटना कशाला?" हा सवाल आजही कानावर येतो. झिगफेल्डनं संधी दिली, हे खरंच. पण तालमीचा पगार त्यानं आपणहून दिला नाही. तो मिळवायला कलावंतांना रस्त्यावरच यावं लागलं.

तुमच्या कामाच्या ठिकाणी काय चित्र आहे? सांगा.